व्हॉल्व्ह लावला आहे

१. साबण

“मॅडम, पंप जळाला तेव्हा तुम्ही कुठे होतात?”

प्रश्न अकराव्या रांगेतून आला आणि अख्खं सभागृह मागे वळलं. मुख्याध्यापक खुर्चीतून अर्धे उठले आणि पूर्ण उठावं की परत बसावं हे न सुचल्याने तसेच अधांतरी राहिले.

विचारणारीचं खरं नाव फक्त हजेरीपटाला ठाऊक होतं. बाकी सगळे तिला ‘चौकशी’ म्हणत. गेल्या वर्षापर्यंत ही मुलगी पाणी प्यायला जाण्यापुरता हात वर करायची. या वर्षी काय झालं देव जाणे, तिच्या आवाजाला पाय फुटले. आज मात्र टाचणीने पैज लावली होती. टाचणी म्हणजे तिची मैत्रीण, अंगाने बारीक आणि बोलायला टोकदार. तिचं म्हणणं होतं की चौकशी वर्गात कितीही बडबडली तरी एवढ्या मोठ्या बाईंना हे विचारायची तिची छाती नाही. पणाला टाचणीची नवी कंपासपेटी होती.

मोठ्या बाई म्हणजे शहराच्या पाणीपुरवठ्याच्या मुख्य इंजिनिअर. ‘यंत्रे का बिघडतात’ या विषयावर त्यांचं भाषण दोन महिन्यांपूर्वीच ठरलं होतं, आणि नेमका याच सोमवारी मुख्य पंपघरातला पंप जळाला. सोमवार, मंगळवार, बुधवार अख्खं शहर कोरडं. दवाखान्यातली ऑपरेशनं पुढे ढकलली, लॉन्ड्रीवाल्याने दुकानाला कुलूप घातलं, आणि शाळेच्या स्वच्छतागृहांविषयी न बोललेलंच बरं. आज गुरुवारी, जुना उसना पंप बसवून, नळाला करंगळीएवढी धार आली होती. विषय असा जिवंत होता, आणि बाई तासभर वाफेच्या इंजिनावर बोलल्या होत्या.

बाईंनी चष्मा काढला. “बाथरूममध्ये होते,” त्या म्हणाल्या. “डोक्याला साबण होता आणि नळ गेला. टॉवेल गुंडाळून फोन घेतला.”

सभागृह हसून हसून आडवं झालं. कंपासपेटी जिंकलेली होती, चौकशीने खाली बसायला हरकत नव्हती. पण ती उभीच राहिली, आणि दुसरा प्रश्न पैजेत नसताना तिच्या तोंडून निघाला. चूक कोणाची होती?

बाईंचं हसू मावळलं. शनिवारी अकराला चौकशी समितीची बैठक आहे, तिथे ठरेल, असं त्या म्हणाल्या. सध्या तरी सगळी बोटं सकाळच्या पाळीच्या ऑपरेटरकडे आहेत. व्हॉल्व्ह बंद असताना तिने पंप चालू केला.

“ती माझी मावशी आहे,” चौकशी म्हणाली. “आणि ती घराबाहेर पडताना गॅस बंद आहे का हे तीनदा बघते.”

बाईंनी चष्मा परत चढवला. मग म्हणाल्या की असं असेल तर शनिवारी ये, काही सापडलं तर सांग, नाही सापडलं तर गप्प बस. दार उघडं आहे.

२. सगळं हिरवं

मावशी सोमवारपासून चौकशीच्याच घरी होती. आईची ही धाकटी बहीण नऊ वर्षं पंपघरात नोकरीला. तिच्या बोटांना ग्रीसचा वास यायचा आणि तो तिला आवडायचा. आता मात्र ती स्वयंपाकघराच्या ओट्याजवळ बसून एकच पातेलं तिसऱ्यांदा पुसत होती. टेबलावर कार्यालयाची नोटीस पडली होती, तिच्यात ‘हलगर्जीपणा’ हा शब्द दोनदा आला होता. शनिवारी तो शब्द खरा ठरला की नोकरी गेली.

चौकशीने वही काढली, पेन्सिलीला टोक केलं आणि तिच्यासमोर मांडी घातली.

मावशीने सांगितलं ते असं. पूर्वी पंप चालू करायच्या आधी दोनशे पावलं चालून खड्ड्यात उतरावं लागायचं, व्हॉल्व्हचं चाक डोळ्यांनी बघावं लागायचं. रविवारी नवं पॅनल बसलं. आता उतरायचं नाही, पडद्यावर वाचायचं, असा लेखी हुकूम. सोमवारी सकाळी सहाला तिने पडदा बघितला. चार ओळी होत्या, त्या तिला पाठच होत्या. दिवे लावले आहेत. पंखे लावले आहेत. गाळणीची मोटर लावली आहे. व्हॉल्व्ह लावला आहे. चारही हिरव्या.

“सगळं हिरवं होतं गं. लाल असतं तर बटणाला हात लावला असता का मी?”

दाबाचा काटा बघितला का, हा चौकशीचा पुढचा प्रश्न. बघितला होता. काटा नेहमीपेक्षा खाली असता तर मावशीने पंप तिथल्या तिथे थांबवला असता. तो उलट थोडा वरच होता, म्हणून तिला वाटलं, नव्या पॅनलची करामत. पावणेसातला टाकीतलं उरलंसुरलं पाणी संपलं, फोन वाजायला लागले, आणि त्याच वेळी जळका वास आला.

दाब वर का असावा, हेही मावशीनेच समजावलं. पाण्याला बाहेर जायला वाट नसली की पंप आतलंच पाणी घुसळत बसतो. दाब चढतो, पाणी उकळतं, सील जळतं आणि सगळ्याचा कोळसा होतो.

“म्हणजे व्हॉल्व्ह खरंच बंद होता?”

“घट्ट. नंतर मी स्वतः खाली उतरून बघितला. कोणी बंद केला, तेही मला माहीत आहे.”

३. पानाकाका

पंपघरातल्या फिटरच्या खिशात कायम एक पाना असे, म्हणून ते पानाकाका. त्याच संध्याकाळी चौकशी टाचणीला घेऊन तिथे पोचली तेव्हा ते उसन्या पंपाला तेल घालत होते. पैज हरल्यामुळे टाचणी आता सहायक होती, वही तिच्याकडे होती.

पानाकाकांना लपवाछपवीची गरज वाटली नाही. व्हॉल्व्ह मीच लावला, ते म्हणाले. रविवारी संध्याकाळी साडेपाचला. व्हॉल्व्हच्या पुढचा सांधा गळत होता, तो आवळून वर लेप दिला, लेप सुकायला रात्र लागते. पाणी गेलं असतं तर सगळं मुसळ केरात. लावल्याबरोबर खिशातल्या फोनवर पॅनलचा पडदा बघितला, तिथे लगेच हिरवं आलं. व्हॉल्व्ह लावला आहे. म्हणजे यंत्रालाही कळलं, व्हॉल्व्हची खबर पॅनलला देणाऱ्या सेन्सरची वायर मीच तर जोडली होती.

“मग सकाळी उघडला का नाही?” टाचणीने टोचलं.

“अगं, मला कोणी बोलावलं तर उघडणार ना. पडद्यावर स्वच्छ लिहिलंय लावलाय म्हणून. ऑपरेटरबाई वाचतील, मला फोन करतील. मी पावणेसहापासून बूट घालून फोनशेजारी बसलो होतो.”

टायवाले त्याच वेळी आत आले. पॅनल बसवणाऱ्या कंपनीचे इंजिनिअर, वय पंचविशीचं, आणि पंपघराच्या उकाड्यातही गळ्यात टाय. सोमवारपासून ते सगळ्यांना एकच वाक्य सांगत होते, पॅनल निर्दोष आहे. पोरींनाही त्यांनी तेच सांगितलं, आणि पुरावा म्हणून लॅपटॉप उघडला. नोंद होती. रविवार, पाच वाजून बत्तीस मिनिटं, व्हॉल्व्ह लावला. शिवाय पॅनलमध्ये त्यांनी स्वतः अट घातली होती की व्हॉल्व्ह लावलेला असेल तरच पंप चालू होईल, नाहीतर बटण दाबून बोट झिजलं तरी काही व्हायचं नाही.

काही अडचण आली होती का, चौकशीने विचारलं. टायवाले जरा घुटमळले. रविवारी दुपारी पंप चालूच होत नव्हता, ते म्हणाले. दोन तास डोकं खाल्लं. मग एक वायर सैल वाटली, ती आवळली, आणि सहा वाजता चाचणी घेतली तर पहिल्या फटक्यात चालू. अर्धं मिनिट फिरवून बंद केला, बॅग भरली, निघाले.

परतताना टाचणीने वही मिटली आणि निकाल दिला की तिघंही खरं बोलतायत, त्यामुळे केस बंद. चौकशी मात्र फुटपाथच्या कडेवरून तोल सावरत चालत होती, आणि तोल गेला की थांबत होती. मावशी म्हणते लावला होता. पानाकाका म्हणतात लावला होता. यंत्रही म्हणतं लावला होता. तिघांची साक्ष शब्दाला शब्द जुळते, मग पंप काय रागाने जळाला?

४. दार आणि पंखा

शुक्रवारी शाळेला सुट्टी दिली होती, टाक्या धुवायच्या म्हणून. दुपारी आई दवाखान्यातून आली. ती नर्स, पाणी नसलेल्या तीन दिवसांची थकबाकी अजून पायांतून उतरली नव्हती. दोन्ही हातांत पिशव्या, तिसरी दातांत. पिशवी तोंडातून सोडत ती म्हणाली, “ते दार लाव गं. आणि पंखा लाव.”

चौकशीने दार लावलं. पंखा लावला.

आणि बटणावर बोट तसंच ठेवून ती उभी राहिली.

आईने विचारलं काय झालं, शॉक बसला का. ती परत दारापाशी गेली, उघडलं, लावलं. पंख्यापाशी आली, बंद केला, लावला. मग परत दार. आईने कपाळाला हात लावला आणि म्हणाली की पोरगी उन्हात फिरू नकोस म्हटलं तर ऐकत नाही.

“आई, तू दोनदा लाव म्हणालीस. एकदा मी बंद केलं आणि एकदा चालू केलं.”

“मग? बरोबरच केलंस.”

“तेच तर,” ती म्हणाली, आणि एक चप्पल तिची आणि एक आईची घालून घराबाहेर पळाली.

५. दोन चिठ्ठ्या

वाटेत टाचणीला बरोबर घेऊन ती पंपघरात पोचली आणि तिने पानाकाकांना आणि टायवाल्यांना पाठीला पाठ लावून उभं केलं. दोघंही इतके बुचकळ्यात पडले की निमूट उभे राहिले. प्रत्येकाच्या हातात तिने एकेक चिठ्ठी दिली. व्हॉल्व्ह लावला म्हणजे काय झालं, ते एका शब्दात लिहा. बघाबघी करायची नाही.

पानाकाकांनी लिहिलं, बंद. टायवाल्यांनी लिहिलं, चालू.

तिने दोन्ही चिठ्ठ्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या. पहिल्यांदा पानाकाकांना हसू फुटलं, मग त्यांनीच ते गिळलं. टायवाल्यांचा हात आपोआप टायकडे गेला आणि त्यांनी गाठ सैल केली.

मग चौकशीने सगळं मांडलं, आणि मांडताना तिचा आवाज एरवीपेक्षा हळू होता. व्हॉल्व्ह पानाकाकांच्या डोक्यात दारासारखा. लावला म्हणजे बंद. सेन्सरची वायर त्यांनी जोडली, म्हणून व्हॉल्व्ह बंद झाला की सेन्सर सांगणार, लावला. टायवाल्यांच्या डोक्यात तो पंख्यासारखा. लावला म्हणजे चालू, म्हणजे पाण्याला वाट मोकळी. अट त्यांनी घातली, म्हणून सेन्सर लावला म्हणेल तेव्हाच पंप चालू होणार. दोघांचं जोडून काय झालं? व्हॉल्व्ह बंद असेल तरच पंप चालू होईल, असं पॅनल तयार झालं. जगातलं सगळ्यात काळजीपूर्वक उलटं पॅनल.

“वायर सैल होती,” टायवाले क्षीण आवाजात म्हणाले.

“वायर ठीक होती, दादा. दुपारी व्हॉल्व्ह उघडा होता म्हणून पंप चालू होईना. साडेपाचला काकांनी तो बंद केला, म्हणून सहाला चालू झाला. तुम्ही अर्धं मिनिटच फिरवलात म्हणून तेव्हा जळाला नाही.”

आणि मावशी? मावशीने ती ओळ दिवे, पंखे आणि मोटरच्या खाली वाचली. त्या रांगेत बसल्यावर व्हॉल्व्हही चालूच वाटणार, दुसरं काय वाटणार? एकाच शब्दाने माणसालाही फसवलं आणि माणसाची चूक पकडायला बसवलेल्या यंत्रालाही. दोन कुलपं होती, पण किल्ली एकच निघाली.

टाचणीला काही टोचायला सापडेना. शेवटी तिने विचारलं की मग तो शब्द पडद्यावर घातला कोणी? टायवाल्यांनी हात झटकले. कंपनीचं पॅनल इंग्रजीत होतं. पडद्यावरचे शब्द पाणीपुरवठा कार्यालयाने दिले. त्यांनी बॅगेतून हाताने लिहिलेल्या चार पानांची प्रत काढली.

चौकशीने पहिलं पान बघितलं. अक्षर गोल, टपोरं, प्रत्येक ‘ल’ला झुपकेदार शेपूट. बालवाडीत असताना तिच्या पाटीवर हाच ‘ल’ गिरवायला दिलेला होता.

यादी बाबांनी लिहिली होती.

६. चार खुर्च्या

बाबा कार्यालयात हेडक्लार्क होते आणि जड शब्दांचे जन्माचे वैरी. जुन्या फलकांवर ‘कार्यान्वित’ आणि ‘अवरुद्ध’ असायचं. एकदा पहारेकऱ्याने त्यांना विचारलं होतं की साहेब, हे अवरुद्ध म्हणजे कोणाचं आडनाव का? तेव्हापासून त्यांनी चंग बांधला होता की घरात बोलतो तसं यंत्रावर लिहायचं. यादी करताना ते महिनाभर खुशीत शीळ घालत होते. ‘झडप’ त्यांनी स्वतः खोडून ‘व्हॉल्व्ह’ केलं, कारण झडप कोण म्हणतं?

संध्याकाळी जेवणाच्या टेबलाशी चौघं बसले होते, आई, बाबा, मावशी आणि ती. तिने चिठ्ठ्या दाखवल्या, मग यादी. बाबांनी यादी हातात घेतली, चष्मा वर केला, खाली केला. त्यांनी ती ओळ ओठांतल्या ओठांत वाचली, एकदा दाराच्या चालीवर, एकदा पंख्याच्या. मग पान पालथं ठेवलं.

“मला वाटलं, सोपं लिहितोय,” ते म्हणाले.

आई एकदा बहिणीकडे बघायची, एकदा नवऱ्याकडे, आणि तिला मधल्या मिठाच्या बरणीशिवाय नजर ठेवायला जागा नव्हती. शेवटी मावशीच बोलली. भावजींचं नाव घ्यायचं कारण नाही, ती म्हणाली. शब्दामुळे घोटाळा झाला एवढं सांगितलं तरी बाई समजतील. नाही समजल्या तर मी एकटी आहे, माझं कसंही भागेल. बाबा म्हणाले की अजिबात नाही. बावीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्यावर एक शेरा नव्हता.

मोह चौकशीलाही झाला. शब्द चुकला, एवढंच म्हणायचं. शब्द काय, वाऱ्यावरून आला. मावशी सुटली, बाबा सुटले, कोणाला दुखवायचीही गरज नाही. एवढ्यात तिने यादीचं शेवटचं पान उलटलं.

तिथे खाली तीन सह्या होत्या. वाचले, तपासले, मंजूर. तीन वेगवेगळ्या साहेबांच्या, तिन्ही एकाच दिवशी, एकाच पेनाने. त्याखाली शिक्का होता, आणि शिक्क्याखाली लिहिलं होतं की हीच यादी उरलेल्या चार पंपघरांना आणि दवाखान्याच्या पाण्याच्या टाकीला पाठवावी. तिथली नवी पॅनलं येत्या सोमवारपासून सुरू.

तिने पान आईसमोर सरकवलं. आईने दवाखान्याचं नाव वाचलं आणि तिचा चेहरा बदलला. बाबांनी वाकून वाचलं, दोनदा, आणि मग असे ताठ बसले की खुर्ची करकरली. गेलीच असेल, ते म्हणाले, मीच बुधवारी पाकिटं बंद केली.

“मग नाव गाळून नाही चालायचं,” चौकशी म्हणाली. ती उभी राहिली. कशाला उभी राहिली हे तिलाही कळलं नाही, पण बसून सांगण्यासारखं ते नव्हतं. “यादी कुठून आली हे सांगितल्याशिवाय ती परत कोणी मागवणार नाही. आई, बाबा, मी ठरवलंय. उद्या अकराला मी जाणार. पानाकाकांनी वायर कशी जोडली ते सांगणार, दादांनी अट कशी घातली ते सांगणार, तीन साहेबांनी न वाचता सह्या केल्या ते सांगणार, आणि यादी माझ्या बाबांनी लिहिली हेही सांगणार. मावशी डावीकडे बसेल. आणि बाबा, तुम्ही उजवीकडे, माझ्या अगदी शेजारी बसायचं. तुमचं नाव घेताना मला तुमचा हात धरायचाय.”